चामड्याचे तीन वॉशर

सून : असं नाही, बाबा. उठल्यापासून सांगा. क्रमानं.

सासरे : चौकीत बसवलंयस का मला?

सून : गाडीच्या खाली नाही, गाडीच्या आत तेल पडलंय. चालवणाऱ्याच्या पायाशी. काल संध्याकाळी मी गेजच्या तेलनळीच्या सांध्याखाली पांढरा कागद ठेवला, तेव्हा एक थेंब नव्हता. आता कागद भिजून पारदर्शक झालाय. म्हणून विचारते.

सासरे : पाचला जाग आली. उठलो पाच वीसला, कारण डावा पाय हल्ली माझ्यामागून उठतो. तोंड धुतलं. दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं, ते पुसलं. हेही हवंय?

सून : हवंय.

सासरे : चहा घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. तू झोपली होतीस. सहाला खाली आलो, कुलूप काढलं. शटर अर्धंच वर केलं, पूर्ण केलं की किंचाळतं. दिवा लावला. केर काढला. बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, ती जागेवर बसवली. गाडी सुरू केली, तापू दिली, बंद केली. मग तू आलीस, न्याहारी झाली, आणि आता ही उलटतपासणी.

सून : शटरनं मला जाग येईल म्हणून ते अर्धं ठेवलंत आणि मग इंजिन सुरू केलंत?

सासरे : इंजिनाच्या आवाजात तू गाढ झोपतेस. शटर वाजलं की उठतेस. नऊ वर्षं ऐकतोय.

सून : केर काढायला किती वेळ?

सासरे : दहा मिनिटं.

सून : बॅटरीला पाच. गाडी तापवायला दहा. म्हणजे सहा पंचवीस. मी आले सातला. मधली पस्तीस मिनिटं कुठं गेली?

सासरे : माझ्या वयात पस्तीस मिनिटं नुसतं बसल्यानंही जातात.

सून : तुम्ही नुसते बसत नाही. तुम्हाला ताप होता तेव्हासुद्धा अंथरुणात बसून खिळे निवडत होतात.

सासरे : सांधा उघडून बघ म्हणजे झालं. माझं चरित्र कशाला उघडतेस?

सून : उघडते. दिवा इकडे धरा. अजून खाली. डोळ्यांवर नको, गेजच्या तबकडीच्या पाठीवर.

सासरे : पाण्याच्या नळीला धक्का लावू नकोस. तिला मी तीन वेटोळी दिलीयत, तशीच राहू देत. ती केसाएवढी नळी एकदा दुमडली की आतला वायू गेला, काटा कायमचा मेला. मग अख्खं गेज फेकायचं.

सून : पाण्याच्या नळीला मी हात लावत नाही. फक्त तेलाची खोलते. बारीक पाना द्या. हा नव्हे, त्याच्या शेजारचा.

सासरे : घे.

सून : बघा, नट किती लवकर निघाला. दीड फेरीतच हातात आला. याला निदान पाच आटे धरायला हवेत.

सासरे : घट्ट केला होता मी.

सून : घट्ट असेलही. पण आत जायला जागाच नव्हती त्याला. गेजच्या तोंडात काहीतरी रुतलंय, काळं. ती वाकडी सुई द्या.

सासरे : चामड्याचा वॉशर असेल. तो असायलाच हवा. तोच तर तेल अडवतो.

सून : तळहात पुढे करा. हा एक.

सासरे : बरोबर.

सून : हा दुसरा.

सासरे : दुसरा कसा?

सून : आणि हा तिसरा. एकावर एक चिकटून बसले होते. म्हणून नटाला आटे मिळाले नाहीत. थंड असताना धरून राहतं. तेल तापलं की सोडून देतं. आज सकाळी पहिल्यांदाच गाडी पूर्ण तापली.

सासरे : सांध्याला एक लागतो.

सून : एकच लागतो. पहिला तुम्ही सोमवारी घातलात, माझ्यासमोर.

सासरे : हो.

सून : बाबा, माझ्याकडे बघा. दिव्याकडे नको.

सासरे : दुसरा कुणाचा, ते तू आधी सांग.

सून : दुसरा माझा. मंगळवारी दुपारी तुम्ही आडवे झाला होतात, तेव्हा. सकाळी सांध्याला एक थेंब दिसला होता.

सासरे : तो थेंब मी पुसला होता.

सून : पुसलात, ते फडक्यावर दिसलं मला. म्हणून उघडलं. नळीच्या टोकाला वॉशर नव्हता. वाटलं, तुम्ही विसरलात. एक नवा घातला, नट आवळला, काही बोलले नाही.

सासरे : नळीला नव्हता, कारण तो वर गेजच्या तोंडात चिकटून राहिला होता. चामडं तेल प्यालं की तसंच करतं.

सून : हो. आता कळतंय.

सासरे : म्हणजे मी विसरलो नव्हतो.

सून : नव्हतात विसरला. नट मात्र सैल होता. आणि मी डोळे असून वर बघितलं नाही, तुमचंच चुकलं असणार असं धरून चालले. तिसरा?

सासरे : आज सकाळी. तुझी पस्तीस मिनिटं. मंगळवारच्या थेंबापासून मला झोप नव्हती. खोललं. दिसत तर काही नाही, म्हणून बोटानं चाचपलं. लागला नाही. म्हटलं, खरंच विसरलो की काय. एक घातला.

सून : बोटाला लागला नाही.

सासरे : तेल असलं की लागत नाही.

सून : तेल नसलं तरी लागत नाही, बाबा. मागच्या थंडीत तुम्ही इंजिनाची तापलेली धुराची नळी हातात धरून माझ्याशी बोलत उभे होतात. कातडी जळल्याचा वास मला आला आधी.

सासरे : त्या दिवशी मी विचारलं होतं तुला, हात अजून शाबूत आहेत ना. तू हो म्हणालीस.

सून : म्हणाले.

सासरे : तेव्हापासून माझं काम मागून तपासतेस?

सून : हो.

सासरे : ती हिरवी गाडी? जिचं छप्पर फाटलं होतं ती?

सून : तीही.

सासरे : डॉक्टरीणबाईंची?

सून : तिचे दोन सांधे.

सासरे : डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असा हात शोधून मिळणार नाही. मी चार दिवस त्या आनंदात होतो.

सून : ठाऊक आहे. तुम्ही गुणगुणत होतात.

कप्तान : आहे का कुणी बंदरात? की दोघंही इंजिनात बुडालात?

सासरे : या, कप्तान. बूट पुसून या, जमिनीवर तेल आहे.

कप्तान : माझ्या गाडीचं तेल माझ्याच बुटाला लागणार, त्यात नवल काय. मिस्त्री, सोमवारी तुम्ही म्हणालात बुधवार. आज गुरुवार. चाळीस वर्षं मी जहाजं वेळेवर धक्क्याला लावली, आणि ही एवढीशी दोन माणसांची होडी तुमच्या दारातून हलत नाही.

सून : सांधा गळत होता. कारण सापडलंय.

कप्तान : त्या एका तबकडीत दोन काटे. वरचा तेलाचा दाब सांगतो, खालचा पाण्याची उष्णता. बरोबर ना? मग मी काटे न बघताच चालवतो. घरी बायकोला नुसतं ऐकून कळतं, इंजिन कसं आहे ते.

सासरे : तेलाची ही नळी इंजिनातून थेट तुमच्या गुडघ्यापाशी येते, कप्तान. सांधा निसटला तर उकळतं तेल तुमच्या पायावर पडेल, आणि पुढच्या दोन मैलांत इंजिन जाम होईल. तेव्हा वहिनींना काय ऐकू येईल ते मी सांगत नाही.

कप्तान : राहिलं. मी थांबतो. कधी होईल?

सासरे : हिला विचारा.

कप्तान : तुम्हाला विचारतोय. नेहमी तुम्हीच सांगता.

सासरे : काम ती करतेय. मी दिवा धरतोय. वेळ तिनं सांगायची.

सून : साडेअकरा.

कप्तान : ठीक. तोवर कोपऱ्यावर जाऊन पेपर वाचतो. खरं सांगू, मिस्त्री, घाई गाडीची नाहीये. घरी बसून काय करायचं तेच मला कळत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून पहाटे चारला उठून खिडकीतून हवामान बघतो.

सासरे : मग काय करता?

कप्तान : परत झोपतो. हवामान माझ्यावाचून चालतं, हे पटायला वेळ लागतो.

सासरे : साडेअकराला या. आणि कप्तान, बरं झालं आलात. तुमची ही शेवटची गाडी.

कप्तान : माझी? मला अजून एक घ्यायची होती.

सासरे : माझी. यानंतर मी हत्याराला हात लावणार नाही. ओळखीच्यांना सांगून ठेवा, म्हणजे उगाच कुणी गाडी ओढत आणायचं नाही.

कप्तान : अस्सं. बरं. मी पेपर वाचून येतो.

सून : शेवटची?

सासरे : सांधा पुसून घे आधी. वाळला की धूळ धरेल.

सून : बाबा, मी विचारतेय.

सासरे : तिसरा वॉशर घ्यायला सकाळी मी खण उघडला. वॉशरचा डबा उचलला. डब्याखाली काय होतं ते तुला माहीत आहे.

सून : तुम्ही दुसऱ्याची पत्रं वाचता?

सासरे : भिंग लावून. त्यातच तुझी वीस मिनिटं गेली. अक्षर बारीक छापतात ही सरकारी मंडळी. प्रशिक्षण संस्था, मोजमापाच्या यंत्रांची दुरुस्ती, शिकवायला बोलावलंय. राहायला खोली. उत्तर आजच्या टपालानं जायला हवं.

सून : तीन आठवडे झाले त्याला.

सासरे : त्याच्याखाली तुझा कागद होता. ‘आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, तथापि कौटुंबिक जबाबदारीमुळे.’ मी कधीपासून तुझी कौटुंबिक जबाबदारी झालो? कागदावर तू माझी कुणी नाहीस. माझ्या मुलानं सही करून नातं मोडलं, त्याला नऊ वर्षं झाली.

सून : कागदावर कप्तानांची ही गाडीही भंगारात निघालीय. तरी तुम्ही आठ महिने तिच्यात घातलेत.

सासरे : बोलायला माझ्याकडूनच शिकलीस, ते चुकलं.

सून : तुमचा मुलगा मला सोडून गेला, तेव्हा माहेरी जा म्हणून सगळे सांगत होते. तुम्ही एकट्यानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाना दिलात आणि म्हणालात, तो दिवा धरून कंटाळली असशील, आता हे धर.

सासरे : पाना दिला तो पोटापाण्यासाठी दिला. माझ्या खाटेला बांधून घ्यावं म्हणून नाही.

सून : मी गेले तर तुम्ही एकटे इथं काम कराल. कुणीतरी आग्रह करेल, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. सांधा सैल राहील, तुम्हाला कळणार नाही. आणि एक दिवस कुणाचा तरी पाय भाजेल. त्याहून वाईटही होईल. मी तिथं फळ्यासमोर उभी राहून मुलांना काय शिकवू? नट कसा आवळायचा ते?

सासरे : म्हणून राहतेयस.

सून : म्हणून राहतेय. आणि खरं सांगायचं तर दमलेय, बाबा. दिवसभर तुमच्याबरोबर काम करायचं, आणि तुम्ही झोपलात की तेच काम पुन्हा करायचं. वर काहीच झालं नाही असा चेहरा ठेवायचा. एका माणसाच्या जागी दोन माणसांचं काम, आणि तिसऱ्याचं नाटक.

सासरे : नाटक मीही केलं. तू बघत असलीस की पाना कसा स्थिर धरायचा, नट हातातून पडला तर मुद्दाम टाकला असं कसं दाखवायचं. मला वाटायचं, मी थांबलो तर तू काय करशील. एवढं दुकान, एवढी ओळख, सगळी माझ्या हातावर. हात गेला हे कळलं तर तुझं पोट जाईल.

सून : म्हणजे तुम्ही माझ्यासाठी रेटत होतात.

सासरे : आणि तू माझ्यासाठी. सांध्यात तीन वॉशर उगाच नाही झाले.

सून : आता हसू नका. मला हसू येत नाहीये.

सासरे : मी हसत नाहीये. ही घे.

सून : हे काय?

सासरे : शटरची चावी. कमरेच्या करगोट्याला गाठ मारून बांधली होती, सोडवायला वेळ लागला. सकाळपासून सोडवतोय. तुझ्याबरोबर घेऊन जा.

सून : चावी इथंच राहू दे. मी सुट्टीत येईन तेव्हा...

सासरे : माझ्याकडे राहिली तर मी उघडेन. मी मला ओळखतो. पहाटे सहाला खाली येईन, अर्धं शटर वर करीन, आणि कुणी ना कुणी गाडी घेऊन उभं असेलच. चावी तुझ्याकडे असली म्हणजे मला ‘नाही’ म्हणावं लागणार नाही. ‘चावी सूनबाईकडे आहे’ एवढंच म्हणायचं. ते मला जमेल.

सून : आणि दिवसभर काय कराल?

सासरे : ते अजून ठरवलं नाही. सगळं एकाच सकाळी ठरवायला लावू नकोस.

सून : जेवणाचं?

सासरे : बोटांना कळत नाही, जिभेला कळतं अजून. तुझ्या हातचं जेवून नऊ वर्षं काढली, म्हणजे सहनशक्तीही आहे.

सून : दूध मात्र उतू घालवता.

सासरे : घालवेन. दुधानं कुणाचा पाय भाजत नाही, माझ्याखेरीज. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रोज डोकावतात. त्यांना सांगून ठेव, डोकावत राहा म्हणून. आता तो वॉशर घे. डब्यातला नवा.

सून : मी बसवू?

सासरे : दुसरं कोण आहे इथं?

सून : बाहेरून सांगत राहा मग.

सासरे : नाही. तू कर, मी गप्प बसतो. चुकलीस तरी बोलणार नाही. आणि तू वर गेलीस की मागून उघडून बघणारही नाही.

सून : आधी गेजचं तोंड पुसते. आरसा घालून बघते. आत काही नाही. वॉशर आत ठेवला, एकच. सपाट बसलाय. नळी सरळ धरली. नट हातानं फिरवते. एक. दोन. तीन. चार. पाच. साडेपाच. आता पाना. पाव फेरी. अजून जरा. बस.

सासरे : अजून...

सून : तुम्ही बोलणार नव्हतात.

सासरे : खोकलो.

सून : नळी पत्र्यातून येते तिथं रबराचं कडं आहे, ते जागेवर बसलंय. पाण्याची वेटोळी तशीच आहेत. झालं. कागद ठेवते खाली.

सासरे : कागद कुठून आणलास? वही परवाच संपली.

सून : खणातून. एका बाजूनं कोरा आहे. कोरी बाजू वर ठेवलीय.

सासरे : आणि खालच्या बाजूला?

सून : माझं अक्षर. ‘आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, तथापि.’ सुरू करू का गाडी?

सासरे : कर.

(इंजिन सुरू होतं.)

सून : तेलाचा काटा साठावर. स्थिर आहे.

सासरे : पाण्याचा?

सून : चाळीस. हळूहळू चढतोय. पन्नास झाला.

सासरे : चढू दे. घाई नाही. तापल्याशिवाय खरं-खोटं कळणार नाही.

सून : साठ. सकाळी किती वेळ चालवली होतीत?

सासरे : दहा मिनिटं म्हटलं ना. आठ असतील.

सून : सत्तर. संस्था इथून सहा तासांवर आहे, बाबा. महिन्यातून एकदा येणं जमेल. पुढच्या वर्षी कदाचित खोली मोठी मिळेल.

सासरे : पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. काटा सांग.

सून : ऐंशीला थांबला. तेल पंचावन्नावर. तापल्यावर एवढं उतरायचंच.

सासरे : सांधा?

सून : बोट फिरवलं. कोरडा आहे. तुम्ही बघता?

सासरे : तू बघितलंस ना. कागद?

सून : कोरा.

सासरे : बंद कर मग. साडेअकराला दहा कमी आहेत. कप्तान पहिला फेरफटका टपाल कचेरीवरूनच मारतील, त्यांना सांगू. दुसरं पत्र लिहून घे.

सून : पेन कुठंय?

सासरे : माझ्या वरच्या खिशात. तूच काढून घे. मला चाचपून कळत नाही.